उंदीर, कोर्ट आणि म्युझियम

१९६३ सालच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतले भाडेकरू कोर्टात गेले ते मेलेले उंदीर बरोबर घेऊन. हाडं गोठवणारी थंडी. खोल्या गरम ठेवायची सोय बंद, नळाला गरम पाणी नाही, भिंतींना भगदाडं. रात्री त्या भगदाडांतून उंदीर येत आणि झोपलेल्या पोरांना चावत. मालकाला मात्र भाडं वेळेवर पाहिजे. जेसी ग्रे नावाचा कार्यकर्ता जिने चढत-उतरत दारोदार फिरला आणि त्यानं लोकांना सांगितलं, भाडं देऊ नका. मालकांनी लोकांना कोर्टात खेचलं. तेव्हा लोकांनी नुसते कागद नेले नाहीत, उंदीर नेले. हा बघा मुद्देमाल. न्यायाधीशानं भाडेकरूंचं म्हणणं मान्य केलं. घरं दुरुस्त होईपर्यंत भाडं मालकाच्या हातात न देता कोर्टात भरा, असा हुकूम दिला.

मित्रांनो, हा प्रसंग मी म्युझियमच्या निमित्तानं वाचला, हे ऐकून तुम्ही हसाल. पण झालं ते असं.

मागच्या हिवाळ्यात एका म्युझियमनं आम्हा पाच-सहा जणांना बोलावलं होतं. 'कला आणि चळवळ' असं त्या संध्याकाळचं नाव. समाजासाठी खुली संध्याकाळ. माणसं वाईट नव्हती, चहा चांगला होता. आम्हाला पंधरा मिनिटं दिली होती. दोन गाणी आणि एक कविता. कविता जरा सौम्य घ्या, असं फोनवर आधीच सांगून ठेवलेलं. टाळ्या पडल्या, फोटो झाले. निघताना तिथल्या एका बाईंनी आमच्या शाहीरदादांना विचारलं, 'हा डफ आमच्या संग्रहाला द्याल का? जतन होईल.' दादा म्हणाले, 'ताई, उद्या नाक्यावर सभा आहे, तिथं लागतो.'

परतताना गाडीत वाद पेटला. एक म्हणाला, जायलाच नको होतं, आपण काय तमाशाचा फड आहोत? दुसरा म्हणाला, जायचं, आत घुसायचं, भिंती आपल्या बापाच्या पैशानंच उभ्या आहेत. मी गप्प बसलो, कारण मला दोन्ही पटत होतं. मग रिंगफ्रेमवरच्या पाळीनंतर जे मिळेल ते वाचत सुटलो. या वाटेनं आपल्याआधी कोण गेलं? त्यांचं काय झालं? हे लिखाण त्या वाचनातून आलं. मी इतिहासाचा मास्तर नाही. चुकलो असेन तर तोंडावर सांगा.

आधी हार्लेमबद्दल, कारण हार्लेम आपल्याला परकं नाही. बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठ उंचावर आहे. त्याच्या पायथ्याशी मॉर्निंगसाइड पार्क आणि पार्क ओलांडलं की हार्लेम. १९१६ पर्यंत बाबासाहेब तिथं होते आणि नेमक्या त्याच वर्षांत दक्षिणेतून पळून आलेली काळी माणसं हार्लेममध्ये बिऱ्हाडं थाटत होती. पुढं १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. तुमच्या लोकांनी राष्ट्रसंघाकडं जो अर्ज केलाय त्याची प्रत पाठवा, आम्हालाही तसं काही करायचंय, असा त्याचा मतलब. ड्यू बॉइस यांनी उत्तर दिलं. १९७२ साली आपल्या पोरांनी मुंबईत पँथर हे नाव घेतलं ते काही आभाळातून पडलं नाही. तो टपालाचा रस्ता आधीपासून चालू होता.

आता परत उंदरांकडं.

कोर्टात जिंकूनही हार्लेमचे उंदीर काही संपले नाहीत. १९६७ साली अमेरिकन सरकारनं शहरांतल्या गरीब वस्त्यांमधले उंदीर मारण्यासाठी चार कोटी डॉलरचं बिल आणलं. २० जुलै १९६७ ला ते प्रतिनिधीगृहासमोर आलं. आठच दिवसांपूर्वी नेवार्क शहर पेटलं होतं आणि तीन दिवसांनी डेट्रॉइट पेटणार होतं. अशा वेळी त्या सभागृहात काय झालं? हशा झाला. 'सिव्हिल राइट्स'च्या चालीवर 'सिव्हिल रॅट्स' अशा कोट्या झाल्या. गालिचावर चालणारी माणसं पोट धरधरून हसली. मिशिगनच्या मार्था ग्रिफिथ्सबाई उठून सांगत होत्या की जगातल्या सगळ्या सेनापतींनी मिळून मारली नसतील एवढी माणसं उंदरांनी मारलीत. कुणी ऐकेना. २०७ विरुद्ध १७६ मतांनी ठरलं की या बिलावर चर्चासुद्धा करायची नाही.

ग्रिफिथ्सबाई खोटं बोलत नव्हत्या. आपल्याला ते वेगळं सांगायला नको. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. गोदीजवळच्या मांडवीतून तो पसरला, गिरण्या ओस पडल्या, कामगार गावाकडं पळाले. पुण्यात सावित्रीमाई मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगनं फणफणलेलं पोर पाठीवर टाकून यशवंताच्या दवाखान्यात घेऊन गेल्या आणि त्याच रोगानं १० मार्च १८९७ ला गेल्या. उंदरावरच्या पिसवांमधून प्लेग येतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ ला कराचीत दाखवलं, म्हणजे माई गेल्यावर वर्षभरानं. तोवर सरकारी शिपाई गरिबांची घरं उचकटत होते, सामान जाळत होते. उंदीर हा विनोदाचा विषय कुणाला वाटतो? ज्याच्या उशाला तो येत नाही त्याला.

वॉशिंग्टनच्या त्या हशाला उत्तर द्यायला जेसी ग्रे पुन्हा निघाला. ७ ऑगस्ट १९६७ ला तो माणसं घेऊन प्रतिनिधीगृहाच्या प्रेक्षक गॅलरीत शिरला आणि त्यांनी घोषणा दिल्या. पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. पण सप्टेंबरात त्याच सभागृहानं मुकाट्यानं ते पैसे आरोग्याच्या दुसऱ्या एका बिलात घालून मंजूर केले. हशा विरला, कारण मधल्या काळात डेट्रॉइटमध्ये ४३ माणसं मेली होती.

आणि त्याच सप्टेंबरात, त्याच वॉशिंग्टन शहरात, नदीच्या पलीकडं एक म्युझियम उघडलं.

वस्तीचं नाव ॲनाकॉस्टिया. नदीचंही तेच नाव. १८५४ साली तिथं युनियनटाउन म्हणून गोऱ्या कामगारांची वसाहत आखली गेली. खरेदीखतातच लिहिलेलं की काळ्यांना जागा विकायची नाही आणि आयरिशांनाही नाही. गावकुसाचा कायदा म्हणा ना! तिथंच १८७७ साली फ्रेडरिक डग्लसनं घर घेतलं. गुलामगिरीतून पळालेला, स्वतः लिहायला शिकलेला, भाषणांनी अमेरिका हलवणारा डग्लस टेकडीवरच्या त्या घरात १८९५ ला मरेपर्यंत राहिला. शेजारी बॅरी फार्म. तिथं १८६७ पासून गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना एकेक एकराचे तुकडे विकले गेले होते. दिवसा दुसऱ्याकडं राबायचं आणि रात्री कंदिलाच्या उजेडात आपलं घर बांधायचं, अशी ती वस्ती उभी राहिली. पुढं १९५० नंतर शहराच्या नैऋत्य भागात 'सुधारणा' आली. हजारो गरीब काळे कुटुंबं उठवली गेली आणि त्यातली बरीच नदीपलीकडं येऊन पडली. सुधारणा आली की कुणाला उठावं लागतं, हे गिरणगावच्या लोकांना शिकवायला नको.

नदीच्या अलीकडं स्मिथसोनियनची मोठमोठी म्युझियमं. तिकीट नाही, फुकट. तरी ॲनाकॉस्टियाची माणसं तिकडं फिरकत नव्हती. स्मिथसोनियनचा प्रमुख डिलन रिप्ले याला ते खटकलं. बडा माणूस, पक्ष्यांचा अभ्यासक. पण त्यानं दोष लोकांना दिला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. लोक आपल्याकडं येत नाहीत तर आपण लोकांत जाऊ, असं त्यानं १९६६ साली जाहीर केलं. आता 'लोकांत जाणं' म्हणजे काय ते आपण पुष्कळ पाहिलंय. वरून एक पेटी येते, त्यात काय असावं हे वरच ठरलेलं असतं. इथंही तेच झालं असतं. पण ॲनाकॉस्टियात संघटित माणसं होती. स्टॅन्ली अँडरसनसारखे वस्तीतले कार्यकर्ते होते. त्यांनी म्युझियम मागून घेतलं आणि ते चालवायला माणूसही आपला दिला.

तो जॉन किनार्ड. तिशीतला तरुण, जन्म वॉशिंग्टनचाच. धर्मशास्त्र शिकलेला, आफ्रिकेत काम करून आलेला, वस्तीत समाजकार्य करणारा. म्युझियमचं शिक्षण शून्य. कार्व्हर नावाचं बंद पडलेलं थेटर भाड्यानं घेतलं. (हे नाव वाचून आपल्यातल्या कित्येकांना वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आठवेल.) वस्तीतल्या पोरापोरींनी झाडलोट केली, रंग लावला. १५ सप्टेंबर १९६७ ला दार उघडलं आणि रस्त्यावर बँड वाजला. आत काय होतं? खरी अवकाशकुपी, पोरांनी आत बसून बघावी अशी. १८९० च्या सुमाराचं वाण्याचं दुकान जसंच्या तसं मांडलेलं. एक छोटा प्राणिसंग्रह. वस्तूंना हात लावायची मुभा. 'हात लावू नये' ही पाटी नसलेलं म्युझियम! ज्यांच्या बापजाद्यांना पाण्याला हात लावायची बंदी होती त्यांना ही गोष्ट लहान वाटणार नाही.

हळूहळू वस्ती विचारायला लागली, हे सगळं ठीक आहे, पण आमचं काय? आमच्या घरात काय आहे ते कुठं दिसतंय? पोरं शिकवणाऱ्या बाईंशी बोलायची. झोरा मार्टिन फेल्टन त्यांचं नाव, म्युझियमचं शिक्षणाचं काम त्यांच्याकडं. पोरं जे बोलायची त्यात उंदीर होते. सगळ्यांच्याच घरी होते. मग १६ नोव्हेंबर १९६९ ला त्या म्युझियमनं एक प्रदर्शन उघडलं. त्यात जिवंत उंदीर होते. परसातला कचरा, फुटके डबे, उकिरडा असं सगळं मांडलेलं आणि त्यात काचेमागं पळणारे खरे उंदीर. उंदराचा इतिहास, तो कुठून आला, काय खातो, किती पिलं घालतो, कुठला रोग आणतो, त्याला हटवायचं कसं.

स्मिथसोनियनच्या तोवरच्या रिवाजात हे बसणारं नव्हतं. तिथं हिरे ठेवतात, विमानं ठेवतात, मेलेल्या राजांचं सामान ठेवतात. ज्या शहरातल्या प्रतिनिधीगृहात दोन वर्षांपूर्वी उंदरांवर हशा झाला, त्याच शहरात सरकारी पैशावरच्या म्युझियममध्ये उंदीर मानाच्या जागी बसला. हसायला कुणी आलं नाही. बघायला शेजारीपाजारी आले.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियमनं काय केलं तेही बघा, म्हणजे फरक कळेल. मेट्रोपॉलिटन म्युझियम. अमेरिकेतलं सगळ्यात दांडगं. त्याचा डायरेक्टर थॉमस होव्हिंग याला वाटलं, आपणही काळ्यांसाठी काहीतरी करावं. १८ जानेवारी १९६९ ला प्रदर्शन उघडलं, विषय हार्लेम. १९०० ते १९६८ पर्यंतचं हार्लेम. भिंतभर फोटो, सरकणाऱ्या स्लाइडी, लाउडस्पीकरमधून रस्त्याचे आवाज. हार्लेमची माणसं भिंतीभिंतींवर. पण हार्लेमच्या चित्रकाराचं एकही चित्र नाही, एकही शिल्प नाही. म्हणजे तुम्ही बघण्याची वस्तू व्हा, बघणारा डोळा आमचाच राहील. आपल्यावर कथा लिहिणारे मध्यमवर्गीय लेखक आपण पाहिलेत. आपण त्यांच्या पानावर असतो, पण संपादक मंडळात नसतो. तीच ही गोष्ट.

बेनी अँड्र्यूज हा चित्रकार जॉर्जियातल्या कुळाच्या घरातला, कापूस वेचून वाढलेला. तो आणि क्लिफ जोसेफ यांनी मंडळी जमवून काळ्या कलावंतांची आणीबाणी आघाडी काढली. उद्घाटनाच्या आधीपासून जानेवारीच्या थंडीत म्युझियमच्या पायऱ्यांसमोर फलक घेऊन ते गोल-गोल फिरत राहिले. रॉय डिकॅरावा हा हार्लेमचाच नामी फोटोग्राफर. त्यानं आपले फोटो द्यायला नकार दिला. आत मात्र जेम्स व्हॅन डर झी नावाच्या म्हाताऱ्याच्या फोटोंनी भिंती भरल्या होत्या. त्यानं अर्धं आयुष्य हार्लेममध्ये स्टुडिओ चालवून तिथल्या माणसांचे फोटो काढले. लग्नं, मयती, नटूनथटून बसलेली जोडपी. प्रदर्शनानं तो जगाला माहीत झाला आणि त्याच १९६९ साली, ऐंशी ओलांडलेल्या वयात, त्याला राहत्या घरातून बाहेर काढण्यात आलं. भिंतीवर जागा मिळाली आणि स्वतःच्या चार भिंती गेल्या.

आणखी एक किस्सा सांगतो, तो मला विसरता येत नाही. त्या प्रदर्शनाच्या पुस्तकाला हार्लेमच्या एका हायस्कूलमधल्या मुलीचा निबंध प्रस्तावना म्हणून घेतला होता. तिनं दोन नामवंत समाजशास्त्रज्ञांच्या पुस्तकातली मतं आधाराला घेतली होती, अवतरण चिन्हं टाकून. संपादन करणाऱ्यानं ती चिन्हं काढायला लावली. पुस्तक बाहेर आलं आणि ज्यूंविषयीच्या त्या वाक्यांवरून शहरभर बोंब झाली. शिव्या कुणी खाल्ल्या? त्या पोरीनं. पुस्तक मागं घेतलं गेलं. दोस्तांनो, कुणी 'तुझ्याच भाषेत लिही' म्हणून पाठ थोपटली तर आपली अवतरण चिन्हं आपण सांभाळायची.

पायऱ्यांवरच्या त्या फेऱ्यांतून काही निघालं का? निघालं, पण हळू. १९७२ साली लोअरी सिम्स नावाची काळी तरुणी मेटच्या समाज-कार्यक्रमांच्या खात्यात लागली. म्हणजे तेच खातं, जे आपल्यासारख्यांना संध्याकाळी बोलावतं. त्या खात्यातून चढत ती तिथली पहिली काळी क्युरेटर झाली आणि २००० साली हार्लेमच्या स्वतःच्या स्टुडिओ म्युझियमची प्रमुख झाली. हे स्टुडिओ म्युझियम १९६८ साली दारूच्या दुकानावरच्या भाड्याच्या माळ्यावर सुरू झालं होतं. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याची नवी कोरी इमारत १२५ व्या रस्त्यावर उघडली. पन्नासहून जास्त वर्षं लागली. तेव्हा गाडीतल्या त्या दुसऱ्या मित्राला, 'आत घुसायचं' म्हणणाऱ्याला, मी एवढंच म्हणेन की घुसता येतं, पण बाहेर कुणीतरी फलक धरून उभं असलं तर.

इथवर सगळं ॲनाकॉस्टियाच्या बाजूनं झालं. पण मला त्या उंदरांच्या प्रदर्शनाबद्दल एक तक्रार आहे आणि ती बोललो नाही तर हे लिखाण खोटं होईल.

त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, 'उंदीर : माणसानं बोलावून घेतलेली पीडा'. बोलावून घेतलेली! कुणी बोलावली? १९६३ ला उंदीर कोर्टात गेला तेव्हा आरोपी घरमालक होता. भगदाड न बुजवणारा, भाडं उकळणारा, नावगाव असलेला मालक. १९६९ ला तोच उंदीर म्युझियममध्ये गेला आणि शीर्षकातला आरोपी झाला 'माणूस'. कुठला माणूस? कचरा उघडा टाकणारा? म्हणजे ज्याला उंदीर चावतो तोच? कचऱ्याची गाडी वस्तीत न पाठवणारी नगरपालिका शीर्षकात नाही, मालक नाही, चर्चाच नको म्हणणारे २०७ जण नाहीत. पोरांना उंदीर हटवायचा कसा हे कळलं, ते चांगलंच झालं. त्या ज्ञानानं एखादं पोर वाचलं असेल तर मी त्या म्युझियमसमोर मान झुकवतो. पण कोर्टातून म्युझियमपर्यंतच्या वाटेत मुद्देमालाची वस्तू झाली. वस्तू बघून माणूस हळहळतो आणि घरी जातो. मुद्देमाल बघितला की कुणालातरी उत्तर द्यावं लागतं.

किनार्डला हे उमगलं असावं, असं मला त्याच्या पुढच्या कामावरून वाटतं. १९७० साली त्यानं लॉर्टन तुरुंगावर प्रदर्शन केलं. लॉर्टन म्हणजे वॉशिंग्टनच्या पोरांना जिथं डांबत तो तुरुंग. वस्तीतल्या घराघरातलं कुणी ना कुणी तिथं होतं. कैद्यांनी केलेल्या वस्तू आणि त्यांचं जगणं म्युझियममध्ये आलं. १९७१ साली तो फ्रान्समध्ये जगभरच्या म्युझियमवाल्यांच्या परिषदेत बोलला आणि वस्तीचं म्युझियम काय असतं ते त्यानं त्या कोटवाल्यांना सांगितलं. १९७२ साली वस्तीच्या लोकांनीच आपल्या अडचणी सांगितल्या. गुन्हेगारी, नशा, घरं, बेकारी, शाळा. त्यावर प्रदर्शन झालं. न्यूयॉर्कमध्येही बेनी अँड्र्यूजची आघाडी त्याच वाटेनं गेली. सप्टेंबर १९७१ मध्ये ॲटिका तुरुंगात कैद्यांनी उठाव केला, सरकारनं गोळ्या घातल्या, एकूण ४३ माणसं मेली. त्या साली या चित्रकारांनी मॅनहॅटनच्या तुरुंगात चित्रकलेचे वर्ग सुरू केले. म्युझियमच्या पायऱ्या सोडून तुरुंगाच्या दारात. मला हा त्यांचा सगळ्यात मोठा निर्णय वाटतो. एखाद्या बड्या म्युझियमनं चार चित्रं टांगली असती तर कदाचित हे झालंच नसतं.

१९८७ साली ॲनाकॉस्टियाचं म्युझियम थेटर सोडून टेकडीवर, फोर्ट स्टँटनच्या झाडीत नव्या इमारतीत गेलं. इमारत चांगली, पण वर्दळीच्या रस्त्यापासून लांब. पूर्वी भाजी घेऊन जाणारी बाई सहज आत डोकवायची, आता मुद्दाम चढून जावं लागतं. किनार्ड १९८९ ला गेला, पन्नाशी जेमतेम ओलांडलेला. म्युझियम आजही आहे, त्याच्या नावातच आता 'कम्युनिटी' हा शब्द आहे. पण पैसा सरकारचा. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी स्मिथसोनियनच्या म्युझियमांनी इतिहास कसा सांगावा यावर हुकूमच काढला. काळ्यांचा इतिहास सांगणारं मोठं म्युझियम त्यात नाव घेऊन झोडलं. थेटर भाड्यानं घेणाऱ्यांच्या डोक्यावर ही तलवार पहिल्या दिवसापासून होती. रिप्ले चांगला होता हे खरं, पण चांगल्या साहेबाच्या भरवशावर किती दिवस?

आपल्याकडं बघा. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं म्युझियम १८७२ साली उघडलं. १९७५ पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. आजोबा परळच्या गिरणीत होते, १९८२ च्या संपात गावाकडं आले. ते सांगायचे, सुट्टीच्या दिवशी आधी हत्ती बघायचा, मग म्युझियम. तिथं मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत. मुंबईच्या जातीजमाती, त्यांचे पेहराव, त्यांचे धंदे. सुबक काम आहे, नाकीडोळी नीट. एवढंच की त्या बाहुल्यांना पगार किती, पाणी कुठलं, देवळात प्रवेश होता का, हे माती सांगत नाही. आजोबा त्यांच्यासमोर उभे राहायचे आणि त्या काचेत त्यांना स्वतःचंच तोंड दिसायचं.

पण आपलं स्वतःचं म्युझियमही आहे. नागपूरजवळ चिचोलीला शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू वामनराव गोडबोल्यांनी जमवून ठेवल्या. कपडे, टाइपरायटर. कुणा रिप्लेनं नाही, चळवळीतल्या माणसानं. आणि त्याच्याही आधी जलसे होते. भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला, तो काय होता? वस्तीच्या मधोमध, कंदिलाच्या उजेडात, वस्तीचं दुखणं वस्तीलाच दाखवायचं आणि त्याला जबाबदार कोण त्याचं नाव घ्यायचं. पाटील, भट, सावकार. नाव घ्यायचं हे महत्त्वाचं. म्हणून जलशांवर दगड यायचे. बाहुल्यांवर कुणी दगड मारत नाही.

तर मित्रांनो, त्या म्युझियमचं बोलावणं यंदाही आलंय. पुन्हा 'कला आणि चळवळ', पुन्हा पंधरा मिनिटं. आमच्यात पुन्हा वाद झाला आणि या वेळी मी बोललो. शेवटी एक पत्र लिहायचं ठरलं. ते असं : आम्ही येऊ. गाऊ. पण डफ देणार नाही. तुमच्या संग्रहाला द्यायला आमच्याकडं दुसरी वस्तू आहे. आमच्या वस्तीतला एक भाऊ गटारात उतरून गुदमरून मेला. माणसाला गटारात उतरवायला बंदी करणारा कायदा २०१३ साली झालाय, तरी उतरवला. त्याचा दोर आणि बादली त्याच्या बायकोनं ठेवलीय. वहिनी द्यायला तयार आहेत. अट एकच. काचेखालच्या पाटीवर भावाच्या नावाबरोबर त्याला उतरवणाऱ्या कंत्राटदाराचं नाव लिहायचं. आणि पाटीचा मजकूर वहिनी सांगतील तो.

पत्राची प्रत या अंकाच्या शेवटच्या पानावर सायक्लोस्टाइल केलीय. सह्या पाहिजेत. येत्या रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात या, पेन आणा.